पीएलजीए मायक्रोस्फिअर आणि औषध वाहून नेणारे पॉलिमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निम्म्याहून जास्त प्रश्न एम.फार्म. आणि पीएच.डी. करणाऱ्यांचे असतात, काही वॉर्डातल्या सिस्टरांचे, काही पेशंटच्या घरच्यांचे. मायक्रोस्फिअर म्हणजे औषध भरलेले पॉलिमरचे सूक्ष्म गोळे. पीएलजीएवर, म्हणजे पॉलि(लॅक्टिक-को-ग्लायकोलिक ॲसिड)वर, भर दिला आहे, कारण इंजेक्शनने द्यायच्या विरघळणाऱ्या वाहकांत सर्वांत जास्त अनुभव त्याचाच आहे. बाकीच्यांना थोडक्यात हात लावला आहे.

पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना? ते अंगात टोचायचं कसं?

विरघळणारे टाके घातलेल्या माणसाच्या अंगात हे ‘प्लास्टिक’ राहून गेलेलंच असतं. व्हिक्रिलचा धागा ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइडचा असतो. पीएलजीएही याच दोन घटकांचं, फक्त प्रमाण वेगळं. साखळीतले एस्टर बंध पाण्याने तुटतात, त्यासाठी एन्झाइम लागत नाही. शेवटी उरतं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड.

किती उरतं, तेही पाहू. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी महिन्याला एकदा देतात त्या ल्युप्रोलाइड डेपोच्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या इंजेक्शनच्या) एका मात्रेत औषध ७.५ मिलिग्रॅम आणि पीएलजीए ६६.२ मिलिग्रॅम असतं. आपलं शरीर दिवसाला शंभर ग्रॅमहून जास्त लॅक्टिक ॲसिड स्वतःच तयार करतं आणि वापरूनही टाकतं. त्यापुढे महिनाभरात मिळून आलेले हे ६६ मिलिग्रॅम काहीच नाहीत. पण एक लक्षात घ्या: औषधाच्या जवळजवळ नऊपट पॉलिमर टोचला जातोय. महिनाभर रोज किती औषध सुटणार हे तोच ठरवतो. म्हणून त्याला ‘पॅकिंग’ समजू नये.

पुरवठादाराने ‘बायोकम्पॅटिबल’ लिहिलंय. मग वेगळ्या चाचण्या कशाला?

कारण बायोकम्पॅटिबल हा पदार्थाचा रंग किंवा घनता असावी तसा गुण नाही. १९८७ पासून रूढ असलेली व्याख्याच सांगते की विशिष्ट उपयोगात, शरीराचा योग्य प्रतिसाद मिळवत काम करण्याची ती क्षमता. ‘विशिष्ट उपयोगात’ हे दोन शब्द लोक गाळतात. पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा धागा त्वचेखाली गुपचूप विरघळतो. त्याचेच जाड स्क्रू हाडात घातले तेव्हा काही पेशंटांत आम्ल एका जागी साचून जंतू नसतानाही सूज आली आणि द्रव वाहू लागला. पदार्थ तोच, पण आकार, जागा आणि एका वेळी सुटणारं आम्ल वेगळं. आयएसओ १०९९३ या वैद्यकीय साधनांच्या जैविक तपासणीच्या मानक मालिकेतल्या चाचण्याही म्हणूनच तयार उत्पादनावर करायच्या असतात, पोत्यातल्या कच्च्या मालावर नाही.

५०:५०, ७५:२५, ८५:१५ यातलं कोणतं घ्यायचं?

बहुतेकजण गुणोत्तरावर (आधी लॅक्टाइड, मग ग्लायकोलाइड) अडकतात आणि साखळीच्या टोकाचा रासायनिक गट विसरतात. दोन्ही बघा, शिवाय रेणुभारही.

ढोबळ हिशेब असा: ५०:५० महिना-दोन महिन्यांत जातं, ७५:२५ चार-पाच महिन्यांत, ८५:१५ पाच-सहा महिन्यांत, आणि शुद्ध पॉलि-एल-लॅक्टाइडला दोन वर्षांहून जास्त लागू शकतात. लॅक्टाइडवर मिथाइल गट असतो. तो पाण्याला दूर ठेवतो, म्हणून लॅक्टाइड वाढलं की वेग मंदावतो. ग्लायकोलाइड वाढवत गेलं तर वेग सतत वाढत जाईल असं मात्र नाही. सर्वांत वेगवान ५०:५० च्या आसपासचंच असतं. ग्लायकोलाइड फार वाढलं की साखळ्या स्फटिकासारख्या रचल्या जातात आणि डीसीएममध्ये, म्हणजे डायक्लोरोमिथेनमध्ये, विरघळायलाही तयार होत नाहीत.

आता टोक. मोकळं आम्ल टोक असेल तर पाणी लवकर शिरतं आणि विघटन लवकर सुरू होतं. टोक एस्टरने बंद असेल तर सुरुवात उशिरा. रेझोमर हा पीएलजीएचा ब्रँड घेत असाल तर नावातच सगळं लिहिलेलं असतं. आरजी ५०३ एच मध्ये पहिले दोन आकडे लॅक्टाइडची टक्केवारी, तिसरा आकडा व्हिस्कॉसिटीचा दर्जा, आणि ‘एच’ म्हणजे आम्ल टोक. ५०२ एच चा रेणुभार ७ ते १७ हजार, ५०३ एच चा २४ ते ३८ हजार. ‘आम्ही ५०:५० वापरलं’ एवढंच प्रबंधात लिहिलेलं असेल तर तो प्रयोग कुणालाही पुन्हा करता येणार नाही.

महिन्याभराचं पेप्टाइड द्यायचं असेल तर सुरुवात ५०३ एच पासून करा. ते जमलं की मग हलवाहलव.

पाण्यात विरघळणाऱ्या औषधाचे मायक्रोस्फिअर करायची पद्धत सांगा.

डबल इमल्शन, म्हणजे औषधाच्या पाण्याचे थेंब पॉलिमरच्या द्रावणात आणि ते सगळं पुन्हा पाण्यात. छोट्या बॅचचे आकडे देतो.

२०० मिलिग्रॅम पीएलजीए २ मिलि डीसीएममध्ये काचेच्या व्हायलमध्ये विरघळवा. पॉलिस्टायरिनची नळी किंवा साधी पेट्री डिश नको, डीसीएम ती खाऊन टाकतं. झाकणावर पॅराफिल्मही नको. २० मिलिग्रॅम औषध ०.२ मिलि पाण्यात विरघळवून त्यात घाला, व्हायल बर्फात ठेवा आणि प्रोब सोनिकेटरने थांबून थांबून एकूण ३० सेकंद चालवा. द्रव दुधासारखा पांढरा झाला पाहिजे. व्हायल उजेडासमोर तिरकी धरून पाहा: तळाशी पारदर्शक थर सुटायला लागला असेल तर हे पहिलं इमल्शन फुटतंय. तसंच पुढे गेलात तर औषध बाहेरच्या पाण्यात जाणार.

थर दिसत नसेल तर वेळ न घालवता हे सगळं ८ मिलि १ टक्का पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थेंब एकमेकांत मिसळू न देणारं) द्रावणात ओता आणि होमोजिनायझर ५००० ते ६००० आरपीएमला मिनिटभर चालवा. वेग वाढवला की गोळे बारीक होतात. मग ते १०० मिलि ०.३ टक्के पीव्हीएमध्ये ओतून मॅग्नेटिक स्टररवर उघड्या बीकरमध्ये, फ्यूम हूडखाली तीन तास ढवळत ठेवा. १०० मिलि कशाला, तर डीसीएम पाण्यात दोन टक्क्यांपेक्षाही कमी विरघळतं. ते आधी पाण्यात उतरतं, मग हवेत जातं. पाणी कमी घेतलं तर थेंब मऊच राहतात आणि सेंट्रिफ्यूजच्या तळाशी त्यांचा एकसंध गोळा होतो.

शेवटी हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करा, थंड पाण्याने तीनदा धुवा, गोठवा, आणि २४ ते ४८ तास लायोफिलायझरवर, म्हणजे गोठलेलं सुकवणाऱ्या यंत्रावर, ठेवा.

घाई म्हणून बीकर गरम करू नका. डीसीएमचा उत्कलनबिंदू ४० अंश सेल्सिअस आहे. पटकन उडालं की गोळ्यांना छिद्रं पडतात. नागपुरात मे महिन्यात एसीशिवाय हा प्रयोग करायचाच नाही, डीसीएम बाटलीतच उकळायला लागेल. साध्या नायट्राइल ग्लोव्हमधून ते मिनिट-दोन मिनिटांत आरपार जातं, तेव्हा सांडलं की ग्लोव्ह लगेच बदला. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या बाटलीत टाका.

औषध पाण्यात विरघळत नसेल तर एवढा उपद्व्याप नको. ते थेट डीसीएममध्ये पॉलिमरबरोबर विरघळवा आणि एकच इमल्शन करा.

पीव्हीएच्या गुठळ्या होतात.

गरम पाण्यात पावडर टाकलीत म्हणून. उकळत्या पाण्यात बेसन टाकल्यावर पिठल्याचं जे होतं तेच. आधी गार पाण्यात भुरभुरवा, नीट पसरू द्या, मग ढवळत ८०-८५ अंशांपर्यंत न्या. पारदर्शक झालं की थंड करा आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड पीव्हीए घ्या. पूर्ण हायड्रोलाइज्ड विरघळायला जास्त त्रास देतं आणि इमल्शनही तितकं नीट धरून ठेवत नाही.

एन्कॅप्सुलेशन एफिशियन्सी ६८ टक्के आली. चांगली म्हणायची?

लोडिंग म्हणजे गोळ्यांच्या वजनात औषधाचा वाटा, आणि एफिशियन्सी म्हणजे सैद्धांतिक लोडिंगपैकी प्रत्यक्षात किती साधलं. आधी गणित तपासू. २०० मिलिग्रॅम पॉलिमर, २० मिलिग्रॅम औषध, म्हणजे सैद्धांतिक लोडिंग २० भागिले २२०, ९.०९ टक्के. समजा १० मिलिग्रॅम मायक्रोस्फिअर विरघळवून मोजल्यावर ०.६२ मिलिग्रॅम औषध मिळालं. प्रत्यक्ष लोडिंग ६.२ टक्के, एफिशियन्सी ६८ टक्के. इथेच थांबतात सगळे.

आता सुकल्यावर हाती किती आलं? समजा १६५ मिलिग्रॅम. त्याचे ६.२ टक्के म्हणजे सुमारे १०.२ मिलिग्रॅम औषध. घातलं होतं २०. म्हणजे खरं तर ५१ टक्केच औषध कामी आलं, उरलेलं धुण्याच्या पाण्यात, बीकरच्या भिंतीला आणि सेंट्रिफ्यूजच्या वरच्या द्रवात गेलं. दोन्ही आकडे द्या. पेप्टाइड महाग असतं, निर्णय दुसऱ्या आकड्यावर घ्यावा लागतो. शिवाय १६५ मध्ये उरलेलं पीव्हीए आणि ओलावाही धरलेला आहे, तोही मोजा.

पहिल्याच दिवशी ४० टक्के औषध बाहेर येतं. बर्स्ट कसा कमी करू?

औषध कुठे बसलंय ते आधी शोधा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पृष्ठभागावर खळगे दिसत असतील तर छिद्रांचा प्रश्न आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असूनही बर्स्ट होत असेल तर औषध वरच्या थरात चिकटलेलं असण्याची शक्यता जास्त.

छिद्रांवर पहिला उपाय म्हणजे पॉलिमरचं द्रावण घट्ट करणं, १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. दुसरा, आतलं पाणी कमी करणं. तिसरा फार सोपा आहे आणि तरी लोक करत नाहीत: बाहेरच्या पीव्हीए द्रावणात मीठ घाला. आत औषधाचं घट्ट द्रावण आणि बाहेर नुसतं पाणी असलं की ऑस्मोसिसने पाणी आत ओढलं जातं, गोळा फुगतो, वाटा तयार होतात. बाहेरही क्षार असला की ही ओढ थांबते. ५ टक्के सोडियम क्लोराइडपासून पाहा. मीठ घातल्यावर धुणं मात्र नीट.

लोडिंगचा हव्यासही बर्स्टला कारणीभूत असतो. औषधाचे कण एकमेकांना टेकू लागले की एक विरघळला की शेजारच्याला वाट मिळते, आणि साखळीच सुटते. अशा वेळी २० टक्के लोडिंग मिळवून दाखवण्यापेक्षा ८ टक्क्यांवर समाधान मानलेलं बरं.

बर्स्ट नाहीच, पण तीन आठवडे काहीच सुटत नाही. बॅच बिघडली का?

बहुधा नाही. पीएलजीएचं प्रकाशन, म्हणजे त्यातून औषध सुटणं, तीन टप्प्यांत होतं: सुरुवातीचा बर्स्ट, मग शांतता, मग साखळ्या पुरेशा लहान झाल्या की मोठा ओघ. रिस्पेरिडोनचं दोन आठवड्यांनी द्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन घ्या. पहिल्या दिवशी एक टक्क्याहून कमी, मग तीन आठवडे जवळजवळ काही नाही, आणि खरा ओघ त्यानंतर. म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर तीन आठवडे तोंडाने गोळी चालू ठेवावी लागते. ‘इंजेक्शन दिलंय ना, मग गोळी कशाला’ असं म्हणून घरचे ती बंद करतात, आणि पेशंट नेमका त्या मोकळ्या दिवसांत पुन्हा आजारी पडतो.

तुमच्या चाचणीत तरीही दोन गोष्टी बघा. पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर, ३७ अंश, त्यात ०.०२ टक्के ट्वीन २० (गोळे ओले करणारं साबणासारखं द्रव्य) आणि जंतू वाढू नयेत म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड, एवढं असावं. ट्वीन नसेल तर गोळे वर तरंगतात किंवा एकमेकांना चिकटतात, मग आकडा कमी येतो. आणि बफरचा पीएच आठवड्याला तपासा. निघालेल्या आम्लाने तो ७ च्या खाली घसरला असेल तर तुम्ही बफर बदलत नाही आहात, असा त्याचा अर्थ.

प्रोटीन घातलं, पण ते मृत होऊन बाहेर येतं.

शत्रू दोन आहेत. पहिला इमल्शनच्या वेळचा: पाणी आणि डीसीएम जिथे भेटतात तिथे प्रोटीनची घडी उलगडते आणि त्याच्या गुठळ्या होतात. दुसरा नंतरचा: गोळ्याच्या आत आम्ल साचून पीएच ३ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. गोळा मोठा तितका आम्लाला बाहेर यायला वेळ, म्हणून मोठे गोळे आतून आधी पोकळ होतात, वरचं कवच तसंच. कापून पाहिलं की शेंगदाण्याच्या रिकाम्या टरफलासारखं दिसतं.

आम्लावर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखा क्षारधर्मी पदार्थ सुमारे ३ टक्के मिसळून फरक पडतो. तो कमी विरघळणारा असल्यामुळे हळूहळू काम करतो, सोडियम बायकार्बोनेटसारखा एकदम संपत नाही. पेप्टाइडमध्ये लायसिन असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. पॉलिमरचा तुकडा पेप्टाइडलाच जोडला जातो. ऑक्ट्रिओटाइडच्या बाबतीत हे नीट नोंदलेलं आहे. यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला यावर) मोजलं तर ‘सगळं औषध आलं’ असं दिसतं, एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) शेजारी दुसरं शिखर दिसतं. तेव्हा प्रकाशन फक्त यूव्हीवर मोजू नका.

कायटोसान, अल्जिनेट नैसर्गिक आहेत, म्हणजे जास्त सुरक्षित?

नैसर्गिक आणि सुरक्षित यांचा संबंध नाही. कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून येतं आणि त्याबरोबर एन्डोटॉक्सिनही, म्हणजे जंतूंचं ताप आणणारं विष, येऊ शकतं. शिरेतल्या इंजेक्शनला साधारण मर्यादा दर किलो वजनामागे ताशी ५ एन्डोटॉक्सिन युनिटची आहे, तिथे गणित बिघडतं. प्रत्येक लॉटचा डिॲसिटिलेशनचा (साखळीवरचे ॲसिटाइल गट किती काढलेत याचा) दर्जाही वेगळा. अल्जिनेट तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. कॅल्शियम निघून गेल्यावर जेल सुटतं खरं, पण साखळी तशीच राहते. जखमेवरच्या ड्रेसिंगला दोन्ही उत्तम. आत टोचायचं असेल तर आधी एन्डोटॉक्सिनचं प्रमाणपत्र मागा.

स्टेंट, बोन सिमेंट आणि मेंदूतली वेफर, हेही हेच का?

कल्पना तीच, पॉलिमर वेगवेगळे. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिरोलिमसच्या पहिल्या स्टेंटवरचा थर न विरघळणारा होता. औषध संपलं तरी थर धमनीत राहतो, आणि उशिरा होणाऱ्या गुठळ्यांच्या चर्चेत बोट त्याच्याकडेही गेलं. म्हणून पुढे विरघळणारे थर आले. भारतात औषधी स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये करांशिवाय २९,६०० रुपये ठरवली गेली होती.

कृत्रिम सांधा हाडात बसवायचं बोन सिमेंट पीएमएमए या ॲक्रिलिक प्लास्टिकचं, ते कधीच विरघळत नाही. त्यातलं जेंटामायसिन पृष्ठभागाजवळचं तेवढं पहिल्या काही दिवसांत येतं, बाकी आतच अडकतं. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून उष्णता सोसणारंच अँटिबायोटिक घालावं लागतं. ४० ग्रॅम सिमेंटला २ ग्रॅमच्या पुढे गेलं की ताकद घटते. द्रव स्वरूपात तर घालूच नये.

मेंदूच्या गाठीसाठी कारमस्टिनची वेफर पॉलिॲनहायड्राइडची, १९९६ पासून वापरात. एका वेफरमध्ये ७.७ मिलिग्रॅम, ऑपरेशनच्या पोकळीत जास्तीत जास्त आठ. ती उणे २० अंशांखाली ठेवावी लागते.

निर्जंतुक कसं करायचं?

ऑटोक्लेव्ह नाही, पीएलजीए वितळून लगदा होईल. गॅमाच्या २५ किलोग्रेच्या मात्रेने साखळ्या तुटून रेणुभार घटतो आणि औषध लवकर सुटतं. म्हणून गॅमा द्यायचा असेल तर रेणुभार आणि प्रकाशनवक्र गॅमानंतरचाच मोजा. प्रोटीन असेल तर पहिल्यापासून असेप्टिक, म्हणजे जंतू शिरूच न देण्याच्या, पद्धतीनेच काम करावं लागतं, ते महाग पडतं. डीसीएमचा अंश ६०० पीपीएमच्या आत हवा. इथिल ॲसिटेट वापरलं तर मर्यादा ५००० पीपीएमपर्यंत सैल होते, पण ते पाण्यात जास्त विरघळतं आणि थेंब फार लवकर आळतात, त्यामुळे पद्धत नव्याने बसवावी लागते.

साठवण?

कच्चं पीएलजीए उणे २० अंशांवर, कोरडं. मुंबईच्या जुलैत फ्रीझरमधून काढलेलं पाकीट लगेच उघडलंत तर पावडरवर दव धरतं आणि विघटन तिथूनच सुरू होतं. बंद पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तास-दोन तास लागतील, मग उघडा. तयार मायक्रोस्फिअरची भीती उलटी आहे. ४५-५० अंशांच्या आसपास पीएलजीए मऊ होतं, ओलावा असेल तर त्याआधीच. उन्हात उभ्या कुरिअरच्या गाडीत गोळे एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेले पुन्हा सुटत नाहीत. प्रत्येक ब्रँडची अट वेगळी, काहींना फ्रिज लागतो, काहींना नाही. लेबल वाचा.

त्रास झाला तर हे इंजेक्शन काढून टाकता येतं का?

मायक्रोस्फिअर नाही. ते स्नायूत विखुरलेले असतात. म्हणूनच नवीन औषध आधी तोंडाने देऊन सोसतं का हे पाहतात. गोसेरेलिनसारखी कांडी असेल तर गरज पडल्यास शोधून काढता येते. टोचलेल्या जागी काही दिवस गाठ किंवा दुखणं असू शकतं, पण लाली, पू किंवा वाढत जाणारी वेदना असेल तर डॉक्टरांना दाखवा. ल्युप्रोलाइडच्या सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे हाडदुखी वाढते ती पॉलिमरमुळे नव्हे. आधी टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग पडतं, हा त्या औषधाचाच स्वभाव. मात्र पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली तर लगेच हॉस्पिटल गाठा.

औषध जुनंच आहे, फक्त पीएलजीएत घातलंय. भारतात परवानगी सोपी पडेल?

उलट. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये जुन्या औषधाचं सस्टेन्ड रिलीज रूप किंवा नवीन डिलिव्हरी सिस्टिम हे नवीन औषधच धरलं जातं. इतर नवीन औषधांची चार वर्षांनी तो शिक्का जाण्याची सवलत यांना नाही.

पावडर कालवली, पण सुईच तुंबते.

वॉर्डातून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. पाकिटातलंच द्रावण वापरा. त्यात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असतं, ते गोळ्यांना तरंगतं ठेवतं, आणि ट्वीन असतं, ते त्यांना ओलं करतं. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते तळाशी बसतात आणि सुईच्या तोंडाशी घट्ट दाटतात. दुसरं, पाकिटातलीच सुई. बारीक सुईने पेशंटला कमी दुखेल म्हणून बदलू नका. तिसरं, वेळ. कालवल्यावर फोन घ्यायला गेलात तर सिरिंजमध्ये खाली पांढरा थर आणि वर स्वच्छ पाणी दिसेल. तसंच टोचलं तर अर्धी मात्रा सिरिंजमध्येच राहते. थर दिसला तर पुन्हा हलवा, सगळीकडे एकसारखं दुधाळ दिसलं की लगेच स्नायूत खोल द्या. तरीही तुंबली तर दट्ट्या जोराने दाबू नका. सुई बाहेर काढा, पाकिटातली जादा सुई लावा, हलवा, दुसऱ्या जागी द्या.